जूनचा खांब

“दिसत नाय खांब? मग जवळनं बघ,” असं म्हणून जनू वाघेने भार्गवदादाची मान मागून धरली आणि त्याचं तोंड भिंतीवरच्या कागदावर आपटलं.

कागद मी केलेला होता. चार पानं चिकटपट्टीने जोडून आमच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी, हरचंद्र तांडेलांनी, तो सकाळीच बर्फ कारखान्याच्या भिंतीवर लावला होता. महिन्याला एक असे अडीच वर्षांचे निळे खांब, प्रत्येक खांबाखाली त्या महिन्यात जळलेली विजेची युनिटं, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून तिरकी चढत गेलेली तांबडी रेघ. भार्गवदादाचं नाक फुटलं आणि त्या रेघेवर रक्ताची चिळकांडी उडाली.

“जूनमधे प्लांट बंद होता रे,” तो म्हणाला. रक्त नाकातून तोंडात जात होतं, शब्द ओले निघत होते. “आईशपथ बंद होता.”

“बंद होता? मग बावन्न हजार युनिटं काय तुझा बाप जाळून गेला?”

मागून कोणीतरी हसलं. जनूने दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा कोणी हसलं नाही.

नारळी पौर्णिमेला तीन दिवस होते, आणि हंगामाआधीची सोसायटीची मीटिंग सकाळीच कारखान्यात भरली होती. जून आणि जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी माळ्यावर. मासे नाहीत तर बर्फ कशाला, म्हणून कारखानाही बंद असतो. त्या दोन महिन्यांत तिथे एकटा भार्गव चोगले राहायचा. तो प्लांटचा ऑपरेटर. अमोनियाची टाकी गळते का बघायची, मोटारींना तेल द्यायचं, आणि बाजूच्या खोलीत बायकोसोबत झोपायचं. आदल्या दोन वर्षांचे जूनचे खांब कागदावर नखाएवढे होते. या वर्षीचा जून सगळ्यांत उंच होता.

त्या बंदीत बाहेरचे ट्रॉलर समोर दिवे लावून मासे मारत होते आणि आमची माणसं किनाऱ्यावर बसून ते दिवे मोजत होती. त्यांना बर्फ कोण पुरवतं, हा प्रश्न जूनपासून प्रत्येक ओटीवर चघळला जात होता. तो कागद भिंतीवर लागला आणि उत्तर मिळालं.

“मे महिन्यात माझी बोट धक्क्याला लागली,” जनू सगळ्यांकडे वळून सांगू लागला. “बारा क्रेट सुरमई. ह्याच्याकडं आलो तर म्हणतो, बर्फ नाय, प्लांटला झेपत नाय. सुरमई कुजली, मी ती हातानं पुरली. आता बघा मेचा खांब. जूनपेक्षा खाली हाय की नाय? मला नाय झेपलं, त्या ट्रॉलरवाल्यांना बरं झेपलं!”

“मेमधे प्लांट फुल्ल चालला, जनू. वही बघ माझी. रोजचं लिहिलंय.”

“वही तूच लिहितोस ना? तुझी वही तुझ्या बाजूनंच बोलंल.” त्याने चेअरमनकडे पाहिलं. “काका, जूनचा आकडा कुठनं आला?”

हरचंद्रकाकांनी सदऱ्याच्या खिशातून बिल काढलं. ते घेऊनच आले होते. “बिलावरनं. हे बघा, वर छापलंय, जून. वीज कंपनी कोणाची सोयरी नाय.”

मग दुसरा, तिसरा, चौथा असे सगळेच पुढे सरकले. जो लाथ मारत नव्हता, तो लाथ मारणाऱ्याला वाट करून देत होता. भार्गवदादा पोटाशी गुडघे घेऊन खाली पडला होता, आणि पन्नास माणसांत आवाज फक्त पायांचा येत होता, ओलं पोतं झोडपल्यासारखा.

मी ऑफिसच्या दारात उभी होते, त्याच भिंतीला लागून. हातात पॅड आणि पेन्सिल.

पॅडचं सांगायला हवं. त्या वर्षी माझी आई गेली आणि मी घरात एकटी राहिले. आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला: सकाळची आंघोळ झाल्यापासून दुपारी साडेबाराला पोथीचा अध्याय वाचून होईपर्यंत मौन. सोसायटीच्या ऑफिसात मी कारकून होते, तेव्हा सकाळी काही सांगायचं झालं तर पॅडवर लिहून दाखवायचे. आधी सगळे चेष्टा करायचे. “कुंदाबाय, आज भाव काय, खुणेनं सांग.” पुढे सवय झाली. खलाशीसुद्धा ऑफिसात शिरताना आवाज खाली आणायचे.

आणि कागदाचं. हरचंद्रकाका जुलैत म्हणाले होते, “कुंदा, बर्फाला लागते ती वीजच. पुढच्या मेपर्यंत बिल कुठं जाईल ते आधी कळलं, तर लादीचा दर आत्ताच बांधता येईल. तू कॉम्प्युटर शिकलीस ना? काढ काहीतरी.” मी तालुक्याला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला होता. आकडे ओळीने भरायचे, खांब उभे करायचे, त्यावर रेघ टाकायची आणि ती रेघ पुढच्या बारा महिन्यांवर वाढवायची. ती वर गेली तर खर्च वर जाणार. मला त्या कामात फार गोडी वाटली. पंचांग बघावं तसं पुढचं दिसत होतं.

भार्गवदादा दर एक तारखेला मीटरचं रीडिंग वहीत लिहायचा. त्याचं अक्षर गिचमिड, पण आकडे मोत्यासारखे. सव्वादोन वर्षांचे आकडे मी त्याच्या वहीतून घेतले. ती वही मार्चला संपली होती. पुढची त्याच्या खोलीत, अंगणापलीकडे. सकाळचे अकरा वाजले होते. मागायला जायचं तर बोलायला हवं, किंवा चिठ्ठी लिहून दाखवायला हवी, आणि त्याला अक्षरं वाचताना वेळ लागायचा. समोर बिलांची फाइल होती. मी एप्रिलपासून पुढचे आकडे बिलांवरून भरले.

चित्र तयार झालं तेव्हा हरचंद्रकाका माझ्या खुर्चीमागे उभे होते. “जून एवढा कसा?” त्यांनी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी खांदे उडवले. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मीटिंगपर्यंत कोणाला बोलू नको.” मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. “तू कशाला बोलतेस म्हणा.”

“ट्रॉलरचं नाव सांग,” जनू ओरडत होता. “नाव सांग, सोडतो तुला.”

“नाव नाय रे, कसलं नाव? मी दिलाच नाय बर्फ.”

“उचला ह्याला.”

प्लांट चार दिवसांपूर्वी सुरू झाला होता. जमिनीत मोठी टाकी, तिच्यात खारं पाणी, त्या पाण्यात गोड्या पाण्याचे डबे सोडलेले, वर लाकडी फळ्या. खारं पाणी गोठत नाही. ते बर्फापेक्षाही गार होतं आणि पाणीच राहतं. त्यात बोट बुडालं तर आधी चटका बसतो, निखाऱ्याचा बसतो तसा. हे आम्हाला भार्गवदादानेच सांगितलं होतं. नवीन मजुराला तो पहिल्या दिवशी टाकीजवळ उभा करून दम द्यायचा.

दोघांनी फळ्या काढल्या. चौघांनी त्याला पालथा धरला. जनूने त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि पाठीवर गुडघा रोवला.

पहिली किंकाळी इतकी उंच होती की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी तोंड फिरवलं. फिरवलं ते भिंतीकडे, आणि समोर माझा कागद आला.

मार्चचा खांब आणि एप्रिलचा खांब अगदी एका उंचीचे होते.

मी खालचे आकडे वाचले. मार्च, एक्केचाळीस हजार तीनशे साठ. एप्रिल, एक्केचाळीस हजार तीनशे साठ. दोन महिन्यांत एका युनिटचाही फरक नाही, असं कुठल्याच कारखान्यात होत नाही. मार्चचा आकडा वहीतला होता. एप्रिलचा बिलातला. बिल एप्रिलमध्ये येतं, पण वीज मार्चची असते. मी एकाच महिन्याला दोनदा उभं केलं होतं. त्यापुढचे सगळे खांब एकेक घर पुढे सरकले होते. मेच्या जागी एप्रिल होता. जूनच्या जागी मे होता, भर हंगामातला, प्लांट फुल्ल चालला तो मे.

“नाव!”

“सोड रे! जनू, हात गेले माझे, हात गेले!”

“नाव सांग, मग सोडतो.”

मी पॅडवर लिहिलं. ‘जूनचा आकडा मे महिन्याचा आहे. बिल एक महिना मागचं असतं. चूक माझी.’ अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता आलं असतं. हरचंद्रकाका माझ्यापासून चार पावलांवर होते. चिठ्ठी फाडून त्यांच्या हातात द्यायची, एवढंच.

तेवढ्यात भार्गवदादाने मान वर केली. त्याचे ओठ निळे पडले होते. एवढ्या पायांमधून त्याने मला शोधलं.

“कुंदाबाय! तू सांग ह्यांना. तू वही बघितलीस माझी. बाय, तू तरी सांग!”

सगळे वळले. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. जनूसुद्धा. त्याच्या हातावर दादाचं रक्त होतं आणि डोळे असे होते की आता मारायला कोणीही चालेल.

“तिचं मौन हाय,” कोणीतरी म्हणालं.

“तिचा नेम मोडू नका,” हरचंद्रकाका म्हणाले. “चातुर्मास हाय. त्या पोरीला ह्यात आणू नका.”

“नको बोलू, बाय,” भार्गवदादा म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता. “नेम नको मोडू. लिहून दे. लिहिलं तर चालतं ना गं? तेवढं लिहून दे.”

चिठ्ठी लिहिलेली होती. मी पॅड छातीशी धरला, लिहिलेली बाजू आत, आणि डोळे मिटले. ओठ हलवले. बघणाऱ्याला वाटलं असेल, नामस्मरण करते.

“बघा,” जनू म्हणाला. “देवाचं माणूस पण तुझ्या बाजूनं लिहीत नाय.”

त्याने पुन्हा हात दाबले. या वेळी किंकाळी आली नाही. घशातून नुसती घरघर आली. आणि मग भार्गवदादा म्हणाला, “चंद्रप्रभा. ट्रॉलरचं नाव चंद्रप्रभा. मी दिला बर्फ. सोडा आता.”

हात बाहेर काढले तेव्हा ते पांढरे होते, बिनरक्ताचे, मेणाचे केल्यासारखे. एक हात फळीला लागला तर लाकडावर लाकूड वाजल्यासारखा आवाज झाला. त्याची बायको सुरंगा बाजाराहून आली होती. तिने पिशवी टाकली आणि ते हात आपल्या पदरात, मग काखेत घेतले, आणि तोंडाने त्यांवर फुंकर घालत राहिली. कोणी तिला अडवलं नाही. कोणी मदतही केली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात उजव्या हाताची तीन बोटं कापली. डाव्याची दोन. पोलीस आले, तेव्हा हरचंद्रकाकांनी जबाब सांगितला: पाय घसरून टाकीत पडला, सोसायटीच्या माणसांनी वाचवला. अकरा जणांच्या सह्या झाल्या. अकरावी माझी. तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि हवालदाराने विचारलं, “बाई, असंच झालं ना?” मी म्हटलं, “हो.”

जनू आणि त्याची माणसं डिझेलचे कॅन घेऊन दोन दिवस किनाऱ्याने ‘चंद्रप्रभा’ शोधत हिंडली. उत्तरेला पाच बंदरं, दक्षिणेला चार. त्या नावाचा ट्रॉलर कुठेच नव्हता. सगळ्यांनी म्हटलं, बघा, पळाला. भार्गवदादा दवाखान्यातून परत आलाच नाही. खोलीतलं सामान सुरंगाने टेम्पोत घातलं. तिला कोणी रोखलं नाही. फक्त एकाने टेम्पोवर दगड मारला.

टेम्पो गेला त्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसात बसून आकडे दुरुस्त केले. बिलांचे सगळे आकडे एकेक घर मागे आणले. जुलैत आलेल्या बिलाने जून नखाएवढा झाला. तांबडी रेघ थोडी खाली बसली. हरचंद्रकाका आत आले तेव्हा पडदा मी झाकला नाही.

“जून कुठं गेला?” त्यांनी विचारलं.

“चुकीचा भरला होता, काका. तो मे होता.”

ते खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर बोटींवर हातोडे पडत होते, हंगामाची तयारी चालली होती.

“कधी कळलं तुला?”

“आत्ता भरताना,” मी म्हटलं.

“एकूण बेरीज बदलते?”

“मार्च दोनदा आलेला. तेवढी कमी होईल.”

“किती फरक पडेल दरात?”

“लादीला दोन-तीन रुपये.”

त्यांनी टोपी घातली. “मग पहिलाच कागद धर. दर आता सांगून झालाय. हा पुसून टाक.” दारापर्यंत जाऊन ते थांबले. “कुंदा, जनूला हे कळलं ना, तर तो आधी तुला टाकीत घालंल आणि मग मला. तो ऐकणारा माणूस नाय. त्यापेक्षा तू पोथी वाच.”

मी पुसून टाकलं.

पुढे गावात माझं नाव झालं. डोळ्यांसमोर रक्त वाहिलं पण कुंदाबायनं नेम मोडला नाय, असं बायका हळदीकुंकवाला सांगायच्या. नव्या सुना पाया पडायच्या. मी पाय मागे घ्यायचे, तर ते विनयाचं समजलं जायचं. अजून समजलं जातं. रोजचा दिवा, तुळस, अध्याय, यातलं काही मी सोडलेलं नाही. उलट दर वर्षी एकेक नेम वाढला.

अकरा वर्षांनी मी भार्गवदादाचा पत्ता काढला. घाटावरच्या एका गावात एस.टी. स्टँडसमोर त्याचा सायकलींचा स्टँड होता, मागे पत्र्याची खोली. मी दारात उभी राहिले. सुरंगाने मला लगेच ओळखलं.

“आलात काय मौनीबाबा,” ती म्हणाली. “चालत आलात की उडत?”

“ए, गप,” आतून दादा म्हणाला. “ये गं बाय. बस. हिचं मनावर घेऊ नको, हिला माणसं आवडत नाय आता.”

केस पांढरे झाले होते. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली होती. त्या दोघांच्या चिमट्यात त्याने मला कप आणून दिला, थेंबही न सांडता. मग स्वतःचा घेतला. गावची विचारपूस केली. कोणाची बोट बुडाली, कोणाची पोरगी शिकली. जनू दोन वर्षांपूर्वी लिव्हरने गेला, हे त्याला ठाऊक होतं. “फार प्यायचा,” एवढंच म्हणाला.

मी त्याला खांबांचं सांगितलं. मार्च आणि एप्रिल. वही आणि बिल. पेन्सिलीने जमिनीवर काढून दाखवलं. तो वाकून बघत राहिला.

“म्हंजे मे होता तो,” तो म्हणाला. “मी म्हणत होतो ना, मेमधे फुल्ल चालला. बिल मागचं असतं हे मला ठाऊक होतं गं. पण त्या मारात ते कुठनं सुचणार? मला वाटलं, मीटरच बिघडला.” त्याने चहाचा घोट घेतला. “जाऊ दे. आकड्यात चूक कोणाची होत नाय? मलाबी कितीदा व्हायची.”

“दादा, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही हाक मारलीत तेव्हा चिठ्ठी लिहून तयार होती.”

सुरंगा चुलीशी होती. तिचा हात थांबला.

दादाने कप खाली ठेवला. “घाबरलीस,” तो म्हणाला.

“हो.”

“नेमात पण होतीस. मी हिला अकरा वर्षं तेच सांगतो. म्हटलं, तिथं सगळी माणसं माजलेली होती, एक ती पोर तेवढी देवाला धरून होती. देवाचं बोट धरलेलं माणूस, ते कसं सोडणार? त्याचा राग नाय मला. त्याच्यावरच तर झोप लागते मला.”

इथे मी गप्प बसले असते तर चाललं असतं. चहा प्यायले असते, एस.टी. पकडली असती.

“त्या दिवशी माझं मौन नव्हतं, दादा,” मी म्हटलं.

“म्हंजे?”

“सकाळीच मोडलं होतं. आंघोळ करून स्वयंपाकघरात आले, तर मांजर नैवेद्याच्या दुधात तोंड घालत होतं. तोंडातून निघून गेलं, ‘मेल्या, हो बाजूला.’ घरात कोणी नव्हतं. वाटलं, लोकांना कशाला सांगा, उद्यापासून नव्याने धरू. म्हणून पॅड घेऊन तशीच ऑफिसात आले.”

स्टँडवर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, गिऱ्हाईक असावं. दादा उठला नाही. तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी पायांमधून बघत होता तसाच, मी काहीतरी पुढे बोलेन म्हणून थांबल्यासारखा.

“मांजराशी बोललीस,” तो म्हणाला.

मी मान हलवली.

सुरंगा चुलीपासून उठली, माझ्यासमोर आली, आणि माझ्या हातातला कप तिने काढून घेतला. तो अजून अर्धा भरलेला होता.